तुमचा साप सरकारजमा व्हावा यासाठी काही घरगुती उपाय

मंडळी, तुमच्याकडे बॉल पायथन आहे, कॉर्न स्नेक आहे, झालंच तर हॉलमधल्या मोठ्या टाकीत एखादा टेगू, म्हणजे दणकट मोठा सरडा, दिव्याखाली पाय पसरून पडलाय, आणि तुम्हाला त्या सगळ्याचा कंटाळा आलाय पण स्वतःहून देऊन टाकायला जीव होत नाही. काळजी करू नका. कायद्यालाच न्यायला लावा. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी ही सोय १९०० सालापासून आहे, लेसी ॲक्ट तिचं नाव, त्यात 'घातक' परदेशी प्राण्यांची यादी असते, आणि तिच्यात नवीन नवीन नावं घालायला आपलं सरकार अधूनमधून उत्सुक असतंच, फक्त आपण थोडा हातभार लावायला हवा.

मी ओहायोत राहते. माझ्याकडे ताराबाई आहे. चार फुटांची बॉल पायथन, वय ९, स्वभाव डिट्टो माझ्या इस्लामपूरच्या आत्याचा, म्हणजे दिवसभर एका जागी वेटोळं करून बसायचं आणि जेवण मनासारखं नसेल तर दोन दोन महिने तोंड फिरवायचं. गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात सोडून, पुसून, चिमट्यात धरून तिच्यापुढे नाचवत मी पाऊण तास उभी असते आणि ही बया त्याच्यावरून मान नेऊन पाण्याच्या वाटीमागे जाऊन झोपते. आई व्हिडिओ कॉलवर विचारते, "दूध तरी पाजतेस का गं तिला?" इस्लामपूरपासून बत्तीस शिराळा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सापाबद्दल आमच्या घरात प्रत्येकाला सगळं माहीत असतं. नागपंचमीला आई तवा चढवत नाही, विळीला हात लावत नाही, आणि मी उंदीर डीफ्रॉस्ट करत असते.

असो. सगळ्यात सोपा उपाय आधी सांगते, तो म्हणजे काहीच करायचं नाही. आपल्या प्राण्यांवर बंदी आणणारं बिल आलंय असं कोणी ग्रुपवर टाकलं की खाली एक रडका इमोजी द्यायचा आणि पुढे जायचं. २००९ साली लोकांनी ही चूक केली होती. तेव्हा एचआर ६६९ नावाचं बिल आलं होतं, गुआमच्या प्रतिनिधी मॅडलिन बोर्डालो यांनी मांडलेलं, की परदेशी प्राण्यांची आधी तपासणी करायची आणि पास झालेल्यांचीच यादी करायची, यादीत नाही तो बाद. गुआमचं दुःख खरं होतं हो, ब्राऊन ट्री स्नेकने त्या बेटावरची जंगलातली जवळजवळ सगळी पाखरं संपवली. पण तो साप काही कुणी टाकीत पाळायला नेला नव्हता, तो दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या सामानातून गेला. तर तेव्हा मासेवाले, पक्षीवाले, सापवाले सगळ्यांनी आपापल्या खासदाराला पत्रं लिहिली, फोन केले, आणि बिल कमिटीतच बसलं. बघा, एवढ्याशा पत्रांनी केवढं नुकसान झालं. तुम्ही लिहू नका.

आणि लिहायचंच असेल तर भाषा कडक ठेवा. पहिल्याच ओळीत समोरच्याला मूर्ख म्हणा. सगळं कॅपिटलमध्ये. दुसऱ्या राज्यातल्या खासदारालाच पाठवा, म्हणजे त्याला उत्तर द्यायची पण गरज नाही.

बिल कुठून येईल हे मात्र सांगता येत नाही, त्यामुळे फार लक्ष ठेवू नका. २०२२ मध्ये कॉम्प्युटरच्या चिप्स अमेरिकेतच बनाव्यात म्हणून अमेरिका कॉम्पीट्स नावाचं २९०० च्या वर पानांचं बिल आलं, आणि त्याच्या पोटात कुठेतरी लेसी ॲक्टची दुरुस्ती बसलेली होती, की जो प्राणी देशात आजवर बऱ्यापैकी संख्येने येत नाही तो आपोआप संशयित, आणि यादीतला प्राणी राज्याची हद्द ओलांडून नेणं बंद. साप आणि सेमीकंडक्टर यांचं नातं काय ते मला विचारू नका, आमचे हे चिपच्याच धंद्यात आहेत, त्यांनाही सांगता आलं नाही. ४ फेब्रुवारीला ते हाऊसमध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, पास झालं. ऑगस्टमध्ये चिप्सचा कायदा खरोखर झाला तेव्हा सापांचा भाग गळाला होता, कारण पुन्हा तेच, काही उपद्व्यापी लोक ती पानं वाचत बसले होते.

तेवढे उपद्व्यापी नसले की काय होतं ते बघायचं तर २०१२. त्या जानेवारीत बर्मीज पायथन, पिवळा ॲनाकोंडा आणि आफ्रिकेतले दोन अजगर असे चार जण 'घातक' यादीत गेले, २०१५ मध्ये आणखी चार. मिशिगनमधल्या गोठणाऱ्या थंडीतला माणूस नोकरीसाठी इंडियानात चालला तर बायको, मुलं, सोफा सगळं न्या, अजगर नाही. त्याच्या आधी २००८ मध्ये सरकारी शास्त्रज्ञांचा एक नकाशा आला होता की बर्मीज पायथनला मानवेल असं हवामान देशाच्या तिसऱ्या हिस्स्यात आहे, वरती पार डेलावेअरपर्यंत. दुसऱ्या संशोधकांनी म्हटलं की नाही बुवा, दक्षिण फ्लोरिडा आणि टेक्ससचं टोक, बस. मग जानेवारी २०१० ला फ्लोरिडातच थंडीची लाट आली आणि तिथलेच अजगर पटापट मेले, पण तोवर नकाशा सगळ्यांच्या डोक्यात बसला होता. शेवटी २०१७ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की मुख्य भूमीवरच्या ४९ राज्यांमध्ये ने-आण अडवायचा अधिकार या कायद्यात मुळात नाहीच. पाच वर्षं. तुम्ही कोर्टाच्या खर्चाला वर्गणी देऊ नका म्हणजे पुढच्या वेळी दहा लागतील.

आता उपायांचा राजा. सोडून द्या. टाकी साफ करायचा कंटाळा आला, पोरगं कॉलेजला गेलं, साप आठ फुटांचा झाला, की गाडीत घालायचं आणि रात्री कालव्याच्या कडेला दार उघडायचं. 'निसर्गात परत गेला' म्हणायचं, भले त्याचा निसर्ग ब्रह्मदेशात का असेना. फ्लोरिडात २००६ पासून अशी सोय आहे की नको झालेला प्राणी आणून द्या, दंड नाही, प्रश्न नाहीत, ते त्याला चांगलं घर बघून देतात. पण एवढं ड्राइव्ह कोण करणार.

आणि कोणी विचारलं तर म्हणा की सगळी चूक १९९२ च्या अँड्र्यू वादळाची, ब्रीडरची शेड उडाली आणि अजगर पसरले. वादळाने भर घातली असेल, पण फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत बर्मीज पायथन १९७९ मध्येच सापडला होता, तेव्हा तर वादळाचं नावपण ठेवलं नव्हतं. २०१२ मध्ये जो अभ्यास छापून आला त्यात तिथल्या रस्त्यांवर दिसणारी रकून ९९.३ टक्क्यांनी घटली होती, ओपोसम ९८.९, बॉबकॅट ८७.५. ससे तर दिसेनासेच झाले. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा ताराबाईच्या टाकीकडे बघत बसले होते बराच वेळ, आणि इथे मला उपरोध काही सुचत नाही, हे आपल्याच कुणाकुणाच्या हातून झालंय. २००९ मध्ये फ्लोरिडात दोन वर्षांची मुलगी गेली, घरातला अजगर महिनाभर उपाशी होता आणि टाकीवर झाकण म्हणून गोधडी होती. ज्यांना झाकण लावता येत नाही त्यांच्यामुळे कायदे येतात, हे बोलायला आपल्याला आवडत नाही.

तर सुटलेले साप. २०१३ मध्ये फ्लोरिडाने स्पर्धा ठेवली, १६०० च्या आसपास लोक बंदुका, चाकू, टोप्या घालून उतरले आणि महिनाभरात ६८ अजगर मिळाले. मग २०१७ मध्ये तामिळनाडूतून इरुळा जमातीचे दोन पन्नाशीचे गृहस्थ आणले, हातात लोखंडी सळई, तोंडाने देवाचं नाव, आणि दोघांनी मिळून दोन आठवड्यांच्या आत डझनभराच्या वर धरले. दुभाष्यांसकट खर्च ६८,८८८ डॉलर. म्हणजे सोडणाऱ्याला फुकट, धरणाऱ्याला विमानाचं तिकीट. २०२१ मध्ये मग तिथे १६ जातींवर कडक नियम आले, टेगू आणि हिरवा इग्वानासुद्धा. तिथला इग्वाना म्हणजे थंडी पडली की झाडावरून आंब्यासारखा पडणारा प्राणी, जानेवारी २०२० मध्ये मायामीच्या वेधशाळेने खरोखर इशारा दिला होता की आज रात्री झाडांवरून इग्वाना पडतील तर चकित होऊ नका. ज्यांनी आपला इग्वाना दहा वर्षं नीट सांभाळला होता त्यांनाही ९० दिवसांत परमिट काढा, मायक्रोचिप लावा. तक्रार कशाची करणार, ते झाडावरचे कुठून आले हो?

व्हिडिओ विसरलेच की. तेरा फुटी अजगर पोराच्या अंगावर, पोरगं हसतंय, मागे हॅशटॅग. असा एक व्हिडिओ दहा सुनावण्यांचं काम करतो, विरोधकांना वेगळं काही दाखवावंच लागत नाही. आणि आपसातली भांडणं चालू ठेवा. बॉलवाले मोठ्या अजगरवाल्यांना म्हणतात तुमच्यामुळे आम्ही बदनाम, अजगरवाले विषारीवाल्यांना म्हणतात तुमच्यामुळे, आणि मॉर्फवाले, म्हणजे वेगवेगळ्या रंगानक्षीचे साप पैदा करणारे, बनाना आणि पायबॉल्ड या रंगांचे भाव काढत बसलेले असतात. चार जाती यादीत गेल्या तेव्हा बाकीचे म्हणाले, आपली कुठे आहे त्यात. आमच्या ओहायोत २०११ मध्ये झेन्सव्हिलला एकाने आपली पन्नासेक जनावरं मोकळी सोडली, वाघ, सिंह, अस्वलं, पोलिसांना जवळजवळ सगळी गोळ्या घालून मारावी लागली. त्यात साप एकही नव्हता. पुढच्या वर्षी जो कायदा आला त्यात विषारी साप आणि मोठे अजगर दोन्ही आहेत. वाघाबरोबर अजगर, गव्हाबरोबर किडे.

आता माझ्याच गावचं सांगते, नाव नको. इथल्या कौन्सिलपुढे आलेल्या मसुद्यात लिहिलंय की 'आवळून मारणारा कोणताही साप, लांबी कितीही' घरात ठेवायला बंदी. कोणी लिहिलं माहीत नाही, पण त्या माणसाला साप दोनच प्रकारचे माहीत असणार, चावणारा आणि आवळणारा. कॉर्न स्नेक आवळतो. इथल्या गॅरेजमध्ये फुकट उंदीर मारणारा काळा रॅट स्नेकही आवळतो, तो तर जन्माने ओहायोचा आहे.

सुनावणीला आम्ही किती आलो? तीन. गावात माझ्या माहितीतले किमान तीसेक सापवाले आहेत, बाकीच्यांची मॅच होती. पहिला उठला तो गळ्यात आठ फुटी बोआ घालून. समोरच्या बाईंनी खुर्ची भिंतीपर्यंत मागे नेली आणि त्यानंतर त्यांना काही ऐकू आलं असेल असं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी गावच्या पेपरात फोटो फक्त त्याचा. दुसरी मी. दोन मिनिटं मिळतात, समोर आकडे उलटे मोजणारं घड्याळ. मी सव्वा मिनिट पायथन रेजियस हे नाव शास्त्रात का पडलं ते सांगण्यात घालवलं, मुद्द्यावर येईपर्यंत लाल दिवा.

तिसरा बारा वर्षांचा मुलगा, आई मागे उभी. कागद इतका थरथरत होता की माईकमध्ये त्याचाच आवाज येत होता. त्याने भाषण केलंच नाही, एकच प्रश्न वाचला, की माझा कॉर्न स्नेक अडीच फुटांचा आहे आणि तो पण आवळतो, तर तुम्ही तो कधी नेणार आणि नेल्यावर त्याला कुठे ठेवणार. कौन्सिलच्या वकिलाने मसुद्याची पानं पुढे उलटली, मग मागे उलटली, शेजारच्याच्या कानात काही बोलला, आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

ती येत्या मंगळवारी आहे, संध्याकाळी सात वाजता. तुम्ही येऊ नका, ट्रॅफिक असतं. त्या मुलाच्या आईचा काल मेसेज आला होता, साप डब्यात घालून आणू का, म्हणजे किती छोटा आहे ते त्यांना दिसेल. मी म्हटलं, त्याला घरीच राहू दे, मुलाला आणा.