केबल किती खोल पुरायची? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार.

लो व्होल्टेजची, म्हणजे घरापर्यंत येणाऱ्या पुरवठ्याची केबल किमान ७५ सेंटिमीटर खोल पुरा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की हा पुस्तकी आकडा आहे. तुमची स्वतःची आर्मर्ड (लोखंडी वेष्टणाची) केबल एक फुटावर आहे आणि बारा वर्षांत तिला काही झालेलं नाही. शिवाय प्रत्येक देशाचा आकडा वेगळा, म्हणजे तो कुणीतरी मनाने ठरवलेला. बिघाड झालाच तर ब्रेकर ट्रिप होतो. आणि खोली एवढीच महत्त्वाची असेल तर सरळ दोन मीटर का सांगत नाही? प्रश्न रोखठोक आहेत. त्यातल्या एकामुळे मला माझ्या लेखातली चूक दिसली. म्हणून दोन ओळींत आटोपत नाही.

आधी तुमची बारा वर्षं. केबल एक फुटावर असो की तीन फुटांवर, वीज ती तितकीच चांगली वाहून नेते. खोलीची परीक्षा होते ती कुणीतरी खणायला येतं त्या दिवशी. बारा वर्षांत तो दिवस आला नाही, एवढंच तुमच्या अनुभवावरून म्हणता येतं. आणि तो दिवस येईल तेव्हा खणणारे तुम्ही नसाल. तुम्हाला केबल कुठे आहे ते माहीत आहे. कुंपणाचे खांब पुरायला आलेल्या माणसाला ते माहीत नसतं. पाण्याची गळती शोधणाऱ्यालाही नसतं.

या माणसांच्या हातातली अवजारं कुठवर पोचतात ते पाहा. फावड्याचं पातं साधारण ३० सेंटिमीटर, म्हणजे पहिल्याच घावात तुमच्या केबलवर. कुंपणाच्या खांबाचा खड्डा ४५ ते ६० सेंटिमीटर. झाडाचा खड्डा ६०, मोठ्या रोपासाठी त्याहून जास्त. शेतातली खोल नांगरट ३० सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि खालचा कठीण थर फोडणारा नांगर त्याच्याही खाली. माणूस सहज म्हणून, कुणाला न विचारता जे खणतो, त्यातलं बहुतेक सगळं वरच्या ६० सेंटिमीटरमध्ये संपतं. ७५ चा आकडा मला पटतो तो यामुळे. जेसीबीला अर्थातच हा आकडा अडवत नाही, पण त्याबद्दल पुढे.

आता आर्मर. केबलभोवतीचं लोखंडी तारांचं किंवा पट्ट्यांचं वेष्टण असतं ते खेचताना, वाहतुकीत आणि मातीच्या दाबाखाली केबल टिकावी म्हणून, आणि बिघाडाचा प्रवाह अर्थिंगकडे परत जावा म्हणून. फावड्याचा ओझरता घाव ते सोसतं. पण पहार सगळं वजन एका टोकावर आणते, आणि तिच्यापुढे ते वेष्टण टिकत नाही. टोक आर्मर फोडून आत गेलं की पेटतो तो आर्क, म्हणजे हवेतून उडणारा विजेचा लोळ. त्याचं तापमान हजारो अंशांत असतं. पहार धरलेल्या माणसाचे हात आणि वाकून पाहणारा चेहरा त्यापासून हातभर अंतरावर असतो. लोक शॉकची भीती बाळगतात. अशा अपघातात भाजणं हा बहुतेक वेळा मोठा घात असतो.

याहून जास्त वेळा घडणारी गोष्ट मात्र शांतपणे घडते. घाव बसतो, वरचं आवरण फाटतं, आर्मरच्या एक-दोन तारा तुटतात, दिवे चालूच राहतात. खणणारा घाबरतो, माती ओढतो आणि निघून जातो. मी एकदा बिघडलेली केबल उघडायला मदत करत होतो. जिथे दोष सापडला तिथे ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी झालेली होती आणि आर्मर गंजून ओढताच तुटत होतं. बाजूच्याच मातीत जुन्या खड्ड्याची कड स्पष्ट दिसत होती. घाव कधीचा, कुणाचा, कुणालाच सांगता आलं नाही. पाणी आत शिरल्यावर महिन्यांनी केबल जाते, तेव्हा लोक म्हणतात, केबलच निकृष्ट होती. तुमची केबल बारा वर्षं चालते आहे याचा मला आनंद आहे. पण चालते आहे म्हणजे धड आहे, हे मेगर (तारांभोवतीचं इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावल्याशिवाय म्हणू नका.

देशोदेशीच्या आकड्यांबद्दलचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र नाही. भारतीय मानक आयएस १२५५ मध्ये लो व्होल्टेजला ७५ सेंटिमीटर, ३.३ ते ११ केव्हीला (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) ९०, २२ आणि ३३ केव्हीला १०५, आणि रस्ता ओलांडताना १ मीटर दिलं आहे. अमेरिकेच्या नियमावलीत थेट मातीत पुरलेल्या केबलला २४ इंच, म्हणजे ६० सेंटिमीटर. पीव्हीसी पाइपातून नेली तर १८ इंच. आणि जाड लोखंडी पाइपातून नेली तर अवघे ६ इंच. ब्रिटनच्या वायरिंग नियमांत तर आकडाच नाही. जमिनीची जी काही उकराउकर होईल असं समंजसपणे गृहीत धरता येतं, तिच्यापासून केबल वाचेल इतकी खोली ठेवा, असा त्याचा आशय. त्याच देशात रस्त्यांखाली सेवावाहिन्या टाकताना मात्र लो व्होल्टेजला पदपथाखाली ४५ सेंटिमीटर आणि गाडीरस्त्याखाली ६० अशी प्रथा आहे.

अमेरिकेचे तीन आकडे शेजारी ठेवून वाचा. ६०, ४५, १५. एकाच देशात, एकाच व्होल्टेजला खोली चारपट बदलते, कारण केबलभोवतीचं कवच बदलतं. लोखंडी पाइप पहारीला अडवतो, म्हणून तिथे माती कमी चालते. सगळे नियम एकच गोष्ट मागत आहेत: खणणारा आणि तार यांच्यामध्ये पुरेसा अडथळा हवा. कुणी तो मातीचा घेतो, कुणी लोखंडाचा, कुणी काँक्रीटचा. तुमची केबल एक फुटावर जाड लोखंडी पाइपात असती, वरून गाड्या जात नसत्या, तर मी हे उत्तर लिहिलंच नसतं. नुसत्या मातीत एक फूट हे मी दिलेल्यांपैकी कुठल्याच आकड्यात बसत नाही.

इथेच माझी चूक. मी ‘७५ सेंटिमीटर’ लिहिलं, पण कुठून कुठपर्यंत, ते लिहिलं नाही. हे अंतर तयार जमिनीच्या पातळीपासून केबलच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं असतं. चराचा तळ त्याहून खाली जातो. खाली साधारण साडेसात सेंटिमीटर चाळलेली वाळू, त्यावर समजा चार सेंटिमीटर जाडीची केबल, तिच्यावर ७५. म्हणजे चर जवळजवळ ८७ सेंटिमीटर खणावा लागतो. ७५ चा चर खणून तळाशी केबल टाकली की वरून मोजलेली खोली ७१ भरते, आणि वाळू घातली असेल तर ६३-६४. माझा लेख वाचून कुणी तसं केलं असेल तर तो दोष माझा आहे. लेखात आज दुरुस्ती केली आहे.

‘तयार जमीन’ हे शब्दही वाटतात तितके सोपे नाहीत. बांधकाम चालू असताना मातीचा ढीग पडलेला असतो, त्यावरून मोजून केबल टाकतात, मग ढीग हटतो आणि केबल वीतभर वर आलेली असते. उतारावरची माती पावसाने वाहून जाते. म्हणून मोजमाप एखाद्या न हलणाऱ्या खुणेशी जोडून, जोत्याशी किंवा भिंतीच्या कोपऱ्याशी, लिहून ठेवावं.

ब्रेकरबद्दल मात्र मी तुमच्याशी ठामपणे असहमत आहे. लेख पुरवठ्याच्या केबलबद्दल होता, म्हणजे मीटरच्या अलीकडच्या, ट्रान्सफॉर्मरपासून मीटरपर्यंतच्या. तुमचा ब्रेकर आणि आरसीडी (जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारं उपकरण) मीटरच्या पलीकडे, घरात आहेत. त्यांच्या आधीच्या केबलवर पहार पडली तर त्यांना त्याचा पत्ताच लागत नाही. तिथे राखण करतो तो ट्रान्सफॉर्मरपाशी असलेला फ्यूज, आणि तो जाड केबलच्या हिशेबाने निवडलेला असतो. केबल लांब असेल तर टोकाकडचा बिघाडाचा प्रवाह कमी भरतो आणि फ्यूज वितळायला जास्त वेळ घेतो. तेवढा वेळ आर्क जळत राहतो. घरानंतरच्या केबलवर, समजा बागेतल्या दिव्याच्या, ३० मिलीॲम्पिअरची आरसीडी नक्की जीव वाचवते. तरीही दोन फेज एकमेकांना भिडले तर तो प्रवाह आरसीडीला दिसत नाही, ते काम ब्रेकरचं.

मग दोन मीटर का नाही? नेहमीचं उत्तर असं की खोलीवर केबल तापते. हे खरं आहे, पण वाटतं तेवढं नाही. चार सेंटिमीटर जाडीच्या केबलचा हिशेब मी करून पाहिला. ७५ सेंटिमीटरवरून दोन मीटरवर गेलं की मातीचा उष्णतेला होणारा अडथळा सुमारे २३ टक्के वाढतो, आणि केबलची प्रवाह वाहण्याची क्षमता दहा टक्क्यांच्या आत घटते. त्यापेक्षा कितीतरी जास्त फरक माती कोरडी पडल्याने होतो. ओलसर मातीच्या जागी भुसभुशीत कोरडी माती आली की क्षमता जवळजवळ एक तृतीयांशाने उतरू शकते. चर भरताना दगड, राडारोडा आणि पोकळ्या राहू देऊ नका असं मी सारखं सांगतो, त्याचं हे एक कारण.

दोन मीटरला माझा खरा विरोध दुसऱ्याच कारणासाठी आहे. उभ्या कडांचा, आधार न दिलेला दोन मीटरचा चर ढासळतो. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या वर असतं, आणि छातीपर्यंत गाडला गेलेला माणूसही श्वास घेऊ शकत नाही. केबल वाचवण्यासाठी खणणाऱ्याचा जीव धोक्यात घालायचा, हे मला मान्य नाही. पुढे जॉइंट करायला कुणालातरी पुन्हा त्याच खड्ड्यात उतरावं लागतं, तेही लक्षात घ्या.

त्यापेक्षा ७५ सेंटिमीटर ठेवा आणि केबलवर वाळूचा थर देऊन आडव्या विटा किंवा काँक्रीटच्या फरश्या मांडा. त्यांच्याही वर, जमिनीखाली साधारण फूटभरावर, धोक्याची रंगीत पट्टी अंथरा. काही जण ती पट्टी केबललाच चिकटून टाकतात. पट्टी आणि केबल एकाच घावात सापडणार असतील तर तिचा उपयोग काय? जेसीबीला खोली अडवत नाही, पण दातांतून लोंबणारी पट्टी पाहून चालक थांबतो. आणि केबल जिथे मातीतून वर येऊन भिंतीवर किंवा खांबावर चढते, तिथे खोली शून्य होत जाते. त्या वळणावर लोखंडी पाइप हवाच. तो जमिनीखाली दीड फुटापर्यंत न्यावा आणि वर माणसाच्या डोक्यापेक्षा उंच.

तुमच्या केबलसाठी मी काय केलं असतं ते सांगतो. केबल मीटरच्या अलीकडची असेल तर हात लावू नका, वीज कंपनीला लेखी कळवा. तुमच्या बाजूची असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून दोन्ही टोकं सोडवून मेगरची चाचणी करून घ्या आणि आर्मरची सलगता तपासा. आकडे चांगले आले तर, पुरवठा बंद ठेवूनच, हाताने आणि बाजूने माती काढत केबल मोकळी करा आणि खोल चरात उतरवा. वळणांवर लांबी कमी पडत असेल तर ओढू नका. तेवढ्या भागावर काँक्रीटच्या फरश्या टाका. केबल शोधण्याच्या यंत्रावर पूर्ण भिस्त ठेवू नका. ज्या केबलमधून प्रवाह वाहत नाही ती त्याला सहज सापडत नाही, आणि ते दाखवतं ती खोली अंदाजाची असते.

मेगरचे आकडे आले की इथेच लिहा, टाकतानाचे जुने आकडे हाताशी असतील तर तेही. केबलची लांबी सांगायला विसरू नका, तिच्याशिवाय त्या आकड्यांवरून काही ठरवता येणार नाही.