‘खंबीर मॅनेजरची पाच सूत्रं’ लिहिणाऱ्याने कधी कुणाला काढलंय का?

काल रात्री साडेदहाला भाच्याचा मेसेज आला. पोरगं कुपवाड एमआयडीसीत गेल्याच महिन्यात मॅनेजर झालंय आणि मालकाने त्याला एक माणूस कमी करायला सांगितलंय. सोबत फॉरवर्ड होतं, ‘खंबीर मॅनेजरची पाच सूत्रं’. खाली प्रश्न, "मामा, असंच करायचं ना?" हेच फॉरवर्ड आधी तीन ग्रुपवर बघून सोडून दिलं होतं. आता घरातच शिरलंय म्हटल्यावर लिहितो.

पहिलं सूत्र, ज्याला वाईट वाटतं तो मॅनेजर नव्हे. मी बावीस वर्षं मशीनशॉप सांभाळतोय. आठ जणांना काढलं, आठही वेळा आदल्या रात्री जेवण गेलं नाही. एकदा लेथवरच्या गड्याला केबिनमध्ये बोलावलं. "मशीनवर जॉब लागलाय, पाच मिनिटांत येतो," म्हणाला. जॉब उतरवला, कॉटन वेस्टने मशीनचा बेड पुसला, मग आला. सगळं ऐकून घेतलं आणि कारखान्याचा व्हर्नियर, म्हणजे मापं घ्यायचं हत्यार, टेबलावर ठेवला. "साहेब, झिरो बघून घ्या. नंतर माझ्यावर नको." मी बघितला. हात थरथरत होता, माझा. त्याचा हिशेब मी दोनदा तपासला तो वाईट वाटलं म्हणूनच.

दुसरं, कारण सांगू नका, वाद वाढतो. हे लिहिणाऱ्याला लेबर कोर्टाची पायरी दाखवली पाहिजे. औद्योगिक विवाद कायदा 1947, कलम 25-एफ. बारा महिन्यांत 240 दिवस भरलेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर महिन्याची लेखी नोटीस आणि तीत कारण, नाहीतर त्या महिन्याचा पगार. वर नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. सहा वर्षं झालेल्या माणसाचा रोज 600 धरला तर 90 दिवसांचे 54,000 होतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता आली, जुना कायदा गेला, पण हा नियम तिच्यातही तसाच आहे. आणि चोरी-मारामारीसाठी काढायचं असेल तर आरोपपत्र द्या, चौकशी लावा, त्याचं म्हणणं ऐका. ‘कारण सांगू नका’ म्हणे!

तिसऱ्याने तर डोकंच फिरलं. शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर कळवा, म्हणजे रडारड होत नाही. अरे, तुझ्यासमोर होत नाही एवढंच. आमच्या शेजारच्या एका कारखान्यात असाच मेसेज टाकला होता. त्या माणसाचा रिचार्ज संपलेला. सकाळी डबा घेऊन गेटवर आला, पंचिंग होईना. वॉचमनला सांगितलेलं होतं, त्याला नव्हतं. दहा वाजेपर्यंत हँडलला डबा अडकवून तो तिथेच उभा, आणि आत येणारा जो तो त्याच्याकडे बघून मान खाली घालून जात होता. महिन्याभरात तिथले दोन चांगले वेल्डर आपण होऊन गेले. त्यांना कुणी काढलं नव्हतं.

चौथं, उशीर करू नका. हे निम्मं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. दयेपोटी मी एकाला आठ महिने ओढलं. तेवढ्यात त्याने मिरजेतली चालून आलेली नोकरी नाकारली आणि हप्त्यावर गाडी घेतली. दिवाळीआधी तोंड उघडलं असतं तर माणूस वाचला असता. पण लवकर सांगणं म्हणजे झटक्यात हाकलणं नव्हे.

पाचवं, तो पुढे तुमचे आभार मानेल. माधवनगर रोडला तो लेथवाला समोरून आला की अजून मीच गाडी वळवतो.

तर भाच्या, सकाळच्या चहाआधी बोलाव, दार लाव, तू स्वतः सांग. नोटीस आणि हिशेबाचा कागद आधी तयार ठेव, पीएफचं कुणाला विचारायचं ते त्यावर लिहून दे. आणि वॉचमनला त्याच्या आधी काही कळता कामा नये.