चित्रात राजकारण घुसवतं कोण?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरून फिरून येतो. म्हणणं असं की पूर्वीचे चित्रकार गुमान चित्रं काढायचे. आताचे हे 'समकालीन'वाले कलेत राजकारण घुसवतात, तेही पैशासाठी, आणि सामान्य माणसाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. परवा तो शेजारच्या काकांनीच टाकला. काकांशी ग्रुपवर भांडायचं नसतं, म्हणून इथे लिहितेय.

'पूर्वी' म्हणजे नेमकं कधी? १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरी जेमतेम दोन वर्षांची होती. अकबर पदमसींनी तिथे 'लव्हर्स' ही चित्रं लावली आणि पोलीस आले. पदमसींनी ती उतरवायला नकार दिला, अश्लीलतेचा खटला उभा राहिला, तो ते जिंकले. चित्रात होते एक पुरुष आणि एक बाई, बस. राजकारण आत आलं ते खाकी घालून, दारातून.

'शुद्ध कलावंत' म्हणून फॉरवर्डात प्रभाकर बर्व्यांचं नाव असतं. त्यांच्या चित्रांत घोषणा नाहीत, कबूल. पण त्यांनी नोकरी केली ती विणकर सेवा केंद्रात, म्हणजे सरकारच्या हातमाग धोरणाच्या आधारावर. आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या एनजीएमएत, म्हणजे केंद्र सरकारच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, त्यांच्याच प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. स्थानिक चित्रकारांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्यात, आता सगळं दिल्लीतून ठरणार, ही त्यांची तक्रार. त्यांना मध्येच अडवलं गेलं: बर्व्यांबद्दलच बोला. भिंतीवर कोण लागणार हे कोणी ठरवायचं, हा विषय बर्व्यांच्या प्रदर्शनात गैरलागू म्हणे! बर्वे असते तर काय म्हणाले असते, देव जाणे.

पैशाचं म्हणाल तर सुधीर पटवर्धन बघा. ठाण्यात तीस वर्षं रेडिओलॉजिस्ट होते. कामाच्या वेळी एक्स-रे बघायचे, उरलेल्या वेळात लोकलमधली माणसं रंगवायची. पुढे त्यांच्या चित्रांना भाव आला, खोटं कशाला बोला. पण नुसतं विकायलाच बसायचं असतं तर इतकी वर्षं एक्स-रे कोणी पाहिले असते?

राहिलं 'कळत नाही'. घाटकोपरच्या अतुल डोडियांनी दुकानाला असतं तसं लोखंडी शटर घेतलं आणि त्यावर महालक्ष्मी रंगवली, कॅलेंडरावर असते तशी. शटर वर केलं की मागे दुसरं चित्र: हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी.

काकांचं हार्डवेअरचं दुकान आहे. रोज सकाळी शटर वर करतात, गल्ल्यावरच्या लक्ष्मीला उदबत्ती लावतात, मग पहिलं गिऱ्हाईक. घरात दोन मुली लग्नाच्या. त्या शटरचे दोन्ही फोटो मी त्यांना पाठवणार आहे, खाली एक अक्षरही न लिहिता.