रामटेक ट्रेकच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि खरं सांगतो, झोप नाही लागली. रविवारी तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. पैसे भरून, पहाटे उठून आलेला माणूस नाराज होऊन घरी गेला तर आम्हाला वाईट वाटणारच. पण दोन स्टार देऊन तुम्ही जे लिहिलं नं, की गाडी तासभर लेट, अर्धा दिवस वाया गेला, देवळात चाळीस मिनिटं लेक्चर झाडलं आणि ट्रेक म्हणावा असं काही नव्हतंच, त्यातल्या वेळेबद्दल मला बोलावंच लागेल, कारण हे वाचूनच पुढचे लोक ठरवतात यायचं की नाही.

गाडी लेट झाली हे खरं आहे. पण ती कशामुळे झाली ते तुमच्या रिव्ह्यूत कुठंच नाही. नागपूरच्या व्हेरायटी चौकातून ५:३० ला निघायचं होतं, आदल्या रात्री ग्रुपवर लोकेशन टाकून रिपोर्टिंग ५:१५ असं लिहिलं होतं, त्यावर तुमचा अंगठाही आहे. ५:३५ ला मी फोन केला तर तुम्ही म्हणाले निघालोच, पाच मिनिटं. ५:५० ला परत केला तर अजून पाच मिनिटं. तुम्ही चौघं आले ६:१५ ला आणि गाडी हलली ६:२० ला. तोपर्यंत बाकीचे सगळे गाडीत बसून होते, त्यात दोन लहान पोरं, एक आजोबा. ड्रायव्हर दोनदा म्हणाला, भाऊ चला, मागून ऑटोनं येतील ते. मीच नाही म्हटलं, कारण घरची मंडळी घेऊन बाई येऊन राहिल्या, त्यांना कसं सोडायचं. म्हणजे पन्नास मिनिटं तिथंच गेली. संध्याकाळी ४:१५ ला पोचायचं ते आपण ५:१० ला पोचलो, म्हणजे पंचावन्न मिनिटं. कामठी, कन्हान, मनसर, नाश्ता, चढण, जेवण, परतीचा रस्ता, या सगळ्या दिवसात आमच्याकडून फक्त पाच मिनिटं जास्त गेली. तीही गडावर, तुमच्यासोबतच्या दादांनी कुरकुऱ्याचं पाकीट उघडलं आणि काळ्या तोंडाच्या वानरानं पाकिटासकट पिशवी ओढून नेली तेव्हा. खाली अंबाळा तलावापाशीच सगळ्यांना सांगितलं होतं की वर खायचं काही बाहेर काढू नका. आमच्या टीममधला पोरगा काटेरी झुडपात उतरून ती पिशवी घेऊन आला, त्याच्या हाताला खरचटलं. त्याचं नाव तुम्ही रिव्ह्यूत घेतलं नाही ते एका अर्थी बरंच झालं, पण त्याला थँक्यू तरी म्हणायला हवं होतं असं मला वाटते.

आता ते चाळीस मिनिटांचं. मॅडम, हा ट्रेक आम्ही आषाढात ठेवतो तो काही उगाच नाही. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष वर्षभराची शिक्षा भोगत ज्या रामगिरीवर राहिला, आषाढाच्या पहिल्या दिवशी ज्याला डोंगरावर ढग दिसला, तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे आपल्या नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशींनी अभ्यास करून मांडलं. काही अभ्यासक छत्तीसगडातला रामगढ म्हणतात, तेही आमच्या गाईडनं सांगितलं, लपवलं नाही. केवल नरसिंहाच्या देवळात तो उभा राहून बोलत होता ते यासाठीच, कारण गुडघा वर करून बसलेली ती मूर्ती, ते देऊळ वाकाटक राजांच्या काळचं आहे, तिथंच शिलालेख सापडला. गुप्त राजा दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात राणी होऊन आली, नवरा गेल्यावर पोरं लहान म्हणून तिनं स्वतः राज्य चालवलं, आणि तिचा ऋद्धपूरचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या, म्हणजे इथल्या देवाच्या, पायाशी बसून दिलेला आहे. हे नुसतं बोर्ड वाचून कळत नाही हो. लोक वर येतात, दर्शन घेतात, फोटो काढतात, पाच मिनिटात खाली उतरतात. हे होऊ नये म्हणूनच तर आम्ही हे काम सुरू केलं.

आणि गाईडचं बोलणं वीस मिनिटांचंच होतं. नंतरची वीस मिनिटं तुमच्याच सोबतच्या काकांनी प्रश्न विचारले, ढग नर्मदेवरून कसा गेला, विदिशा कुठं, उज्जैनला वाट वाकडी करून कशाला जायला सांगितलं. गाईड त्यांना उत्तर दिशा दाखवून समजावून सांगत होता. काका इतके खूश होते की उतरताना पायवाटेवर कुड्याचं झाड दिसलं, यक्षानं ढगाला वाहिली तीच ही पांढरी फुलं असं आमच्या त्याच पोरानं सांगितलं, तर तिथंही थांबले आणि खाली पडलेलं एक फूल रुमालात बांधून घेतलं. त्यांना मधेच तोडून चला चला म्हणायला आमच्याच्यानं नाही झालं.

ट्रेक छोटा वाटला म्हणता, तर अंबाळ्यापासून पायऱ्या, मग गड, मग जंगलातली उतरण एवढाच तो आहे आणि पोस्टमध्ये सोपा ट्रेक असंच लिहिलं होतं. उशिरा निघाल्यानं ऊन चढलं, दमट झालं, त्यात थकायला होतंच. ८५० रुपयात गाडी, तर्री पोहा, चहा, जेवण, गाईड सगळं आलं. जेवण तिथल्याच बाया करतात, त्यांचे पैसे आम्ही कधी कमी केले नाहीत. तुम्ही भरीत दोनदा मागून घेतलं तेव्हा त्यांना किती आनंद झाला होता.

आमचा धंदा मोठा नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात कोणी डोंगर चढायला येत नाही, पावसाळा आणि थंडी यावरच वर्ष काढायचं असतं. तुमचा रिव्ह्यू सगळ्यात वर दिसून राहिला आणि आज सकाळी नगरधनच्या ट्रिपचं एक बुकिंग कॅन्सल झालं, त्यांनी कारण हेच सांगितलं. आम्ही पुढच्या वेळेपासून वेळेचं आणखी नीट बघू, गाडी किती थांबेल ते ग्रुपवर आधीच टाकू, आणि ज्यांना ऐकायचं नाही त्यांच्यासाठी काही वेगळी सोय करता येते का तेही बघतो, पक्कं ठरलं की कळवतो.

तुम्हाला ट्रेक नाही आवडला तर स्टार दोनच राहू द्या, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त गाडी कोणासाठी थांबली होती तेवढी एक ओळ त्यात टाका ही विनंती आहे. आणि काकांना सांगा, त्यांनी मागितलेली पुस्तकांची यादी गाईडनं लिहून ठेवली आहे, तुमच्या नंबरवर पाठवू की त्यांच्या, ते कळवा.