उभ्या उसाचं मत

नोव्हेंबर २०२४ मध्ये महायुतीला २३०च्या वर जागा मिळाल्या, तेव्हापासून ‘लाडकी बहीण’ योजनेत बायकांना मिळणाऱ्या महिन्याच्या पैशांवरून एक वाक्य पिच्छा सोडत नाही: ‘बायकांनी दीड हजारात मत विकलं.’ पुण्यातले निवृत्त प्राध्यापक हे म्हणतात, ठाण्यातले आयटीवाले म्हणतात आणि इकडे अमेरिकेत, सेंट लुईसमध्ये गणपतीच्या प्रसादाला जमलेलेही म्हणतात. त्याला जोडून दुसरं येतंच: शेतकरी-मजूर स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात, जो त्यांना लुटतो त्यालाच पुन्हा निवडून देतात, मग रडतात कशाला? मला या बोलण्याचा मनापासून राग येतो. ते बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना उसाची तोड, म्हणजे कारखान्याने ऊस तोडून नेण्याची पाळी, कशी मिळते हे ठाऊक असतं.

साखरपट्ट्यातल्या माणसाला ‘कारखानदारालाच मत का देतोस’ असं विचारण्याआधी त्याच्या उसाचं वेळापत्रक बघावं. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात होते. तो ऊस तुटायला येतो पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात, सोळा-अठरा महिन्यांनी. लागण झाली की कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन नोंद करायची: गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख. तारखेप्रमाणे तोडीचा क्रम लागायला हवा, असा नियम. प्रत्यक्षात क्रम शेतकी विभागात फिरतो आणि गावात तो चिटबॉयच्या, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, तोंडून कळतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत कारखान्याच्या गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर वजनही घटतं आणि उताराही, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण. म्हणजे ऊस तोडून बांधावर ठेवला आणि मग गिऱ्हाईक शोधलं, असं करता येत नाही. शेजारच्या कारखान्याला घालावा म्हटलं, तर महाराष्ट्रात दोन कारखान्यांमध्ये २५ किलोमीटरचं हवाई अंतर सक्तीचं आहे. केंद्राच्या आदेशात ते १५ किलोमीटर आहे, आपल्या राज्याने ते वाढवून घेतलेलं आहे. शिवाय ज्या वर्षी ऊस जास्त, त्या वर्षी शेजारचा कारखाना बाहेरच्या उसाकडे ढुंकूनही बघत नाही. २०२१-२२च्या हंगामात मराठवाड्यात मे-जूनपर्यंत फड उभे होते.

तोड लांबली की काय होतं? तुरा येतो, कांडी पोकळ पडायला लागते, वजन उतरतं. उन्हाळ्यात दोन-तीन जादा पाण्याच्या पाळ्या द्याव्या लागतात. खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक) उशिरा सुटतो, म्हणजे पुढच्या वर्षाचं वजनही आजच गेलं. ऊस काढून हरभरा किंवा गहू पेरायचा बेत असेल तर तो बुडाला. अखेर तोडणी मजुरांची टोळी आलीच, तर तिला ‘खुशाली’ द्यायची आणि ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला ‘एंट्री’, म्हणजे वरचे पैसे. फड लवकर रिकामा व्हावा म्हणून कुणी पाचट पेटवून दिलं, तर जळीत ऊस म्हणून बिलातून कपात.

आता हिशेब. २०२४-२५ साठी केंद्राने ठरवलेली एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये होती, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३३ रुपये २० पैसे. उतारा १२ टक्के धरला तर टनाला ३,९८१ रुपये होतात. त्यातून तोडणी-वाहतुकीचे समजा ८५० गेले, हातात ३,१३१ आले. एकरी ४५ टन ऊस धरा. कारखान्याच्या चेअरमनने टनाला १०० रुपये कमी दिले तर एकरी नुकसान ४,५०० रुपये. पण तोड दोन महिने लांबली आणि एकरात चार टन घटले, तर नुकसान साडेबारा हजार, जादा पाणी आणि खोडव्याचा तोटा वेगळाच. दर कमी देणारा माणूस आणि तोड वेळेवर देऊ शकणारा माणूस एकच आहे. त्याच्या विरोधात गेलं तर पहिलं नुकसान टळेलच असं नाही, दुसरं मात्र नक्की होणार. हे गणित शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. प्राध्यापकांना शिकवावं लागतं.

आणि उसावरच थांबत नाही. पीककर्ज गावच्या सोसायटीचं, सोसायटीला पैसा जिल्हा बँकेचा, वसुली उसाच्या बिलातून. दूध संघ त्याच घराकडे, पोराच्या इंजिनिअरिंग कॉलेजची संस्थाही त्याच घराकडे. दिवाळीला सभासदाची सवलतीची साखर. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा शेतकऱ्याला सावकाराच्या आणि खासगी कारखानदाराच्या तावडीतून सोडवणं हा हेतू होता. तो काही काळ खरोखर साध्यही झाला. माळावर भोंगा वाजायला लागला, त्यामागे शाळा आल्या, दवाखाने आले. ज्या आजोबांनी शेअर घेतला त्यांच्या नातवाला तो कारखाना अजून ‘आपला’ वाटतो, यात मला काही वेडेपणा दिसत नाही.

ऊस आंदोलनाचे नेते राजू शेट्टींचं उदाहरण नेहमी टोमणा म्हणून दिलं जातं. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला मैदान भरतं, पहिली उचल (उसाच्या बिलाचा पहिला हप्ता) जाहीर होते, आंदोलन होतं, दर वाढतो. आणि हातकणंगल्यात हाच माणूस २०१९ला पडतो, २०२४ला थेट तिसऱ्या क्रमांकावर जातो. ‘बघा, कृतघ्न!’ पण शेट्टींनी मिळवलेला दर कुणाला मिळतो? सगळ्यांना. एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा राज्य सरकारचा २०२२चा निर्णय मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. त्या लढाईचा फायदा शेट्टींना मत देणाऱ्याला जितका, तितकाच न देणाऱ्यालाही. तोड तशी नसते, ती नावावर येते. जे सगळ्यांना आपोआप मिळणार आहे त्यासाठी मत खर्च करायचं, की जे फक्त आपल्याला मिळेल किंवा नाकारलं जाईल त्यासाठी? मला वाटतं, शेट्टींच्या पराभवाला इतरही कारणं आहेत, त्यांच्या बदलत्या युत्या हे त्यातलं मोठं. पण कृतघ्नपणा हे कारण नाही.

पटत नसेल तर कांद्याकडे बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि डिसेंबरात निर्यातबंदीच केली. भाव कोसळले. २०२४च्या लोकसभेला नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत केंद्रीय मंत्री असलेल्या भारती पवार पडल्या, राज्यात महायुती ४८ पैकी १७ जागांवर आली. तोच महाराष्ट्र, तेच ‘भाबडे’ शेतकरी. फरक पिकात आहे. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे शेतावरच्या साठवणीच्या शेडमध्ये, चार-पाच महिने टिकतो. लासलगावच्या बाजारात भाव नाही पटला तर पिंपळगावला न्यावा, तिथे नाही तर आणखी कुठे. कांदा कधी काढायचा हे कुठल्याही चेअरमनच्या हातात नाही, म्हणून कांदेवाला मतातून राग काढू शकतो. मग सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या दोन महिने आधी, शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आलं आणि किमान निर्यातमूल्याची अट गेली. नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात महायुतीने १५ पैकी १४ जागा घेतल्या. यात दीड हजाराचा वाटा होताच. पण जूनमध्ये दणका दिला, सप्टेंबरात धोरण बदलून घेतलं, नोव्हेंबरात मत परत दिलं, याला मी विकणं म्हणणार नाही. बड्या कंपन्या दिल्लीत वर्षभर हेच करतात आणि त्याला धोरणात्मक संवाद म्हटलं जातं.

मी राहतो त्या मिझुरी राज्यात हाच प्रश्न जास्त उघडा दिसतो, कारण इथे मतपत्रिकेवर माणसांखेरीज प्रश्नही असतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नरने ‘राइट टू वर्क’ कायद्यावर सही केली. युनियनची वर्गणी कामगारावर बंधनकारक करता येणार नाही, असा तो कायदा. युनियनचं कंबरडं मोडायला पुरेसा. युनियनवाल्यांनी तीन लाखांहून जास्त सह्या गोळा करून तो मतदारांपुढे आणला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ६७ टक्के लोकांनी तो फेटाळला. त्याच वर्षी नोव्हेंबरात किमान वेतन ७.८५ डॉलरवरून टप्प्याटप्प्याने १२ वर नेण्याचा प्रस्ताव ६२ टक्क्यांनी मंजूर झाला, आणि त्याच मतपत्रिकेवर डेमोक्रॅट सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल पडल्या, रिपब्लिकन जॉश हॉली निवडून आले. २०२४ला पुन्हा तेच. ताशी १५ डॉलर किमान वेतन आणि दर ३० तास कामामागे एक तास पगारी आजारपणाची रजा, याला सुमारे ५८ टक्के. ट्रम्प यांनाही सुमारे ५८ टक्के. मे २०२५ मध्ये त्याच मतदारांनी निवडलेल्या विधिमंडळाने ती रजा रद्द केली. प्रस्ताव साध्या कायद्याचा होता म्हणून त्यांना ते साध्या बहुमताने जमलं. २०२०चा मेडिकेडचा (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा) विस्तार राज्यघटनेत घातला होता. तिथे त्यांनी आधी पैसे अडवून बघितले, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना थांबवलं.

म्हणजे वॉलमार्टच्या गोदामात उभ्याने काम करणाऱ्याला आपलं हित कळत नाही, हे कुणी म्हणूच नये. प्रश्न सुटा विचारला की तो बरोबर उत्तर देतो. माणूस निवडताना तो वेगळं काहीतरी निवडतो: आपल्या चर्चमधला, आपल्यासारखा बोलणारा, शहरवाल्यांपुढे आपली बाजू घेणारा. त्याचा पगार आमदाराच्या हातात नाही, म्हणून ही चैन त्याला परवडते. साखरपट्ट्यातल्या, वाळव्याच्या किंवा माळशिरसच्या माणसाला ती परवडत नाही. एकाच मतात त्याला दर, तोड, कर्ज, पोराची ॲडमिशन आणि आत्मसन्मान हे सगळं बसवायचं असतं. कारणं वेगळी, पण सेंट लुईसच्या उपनगरातले सुशिक्षित त्या गोदामवाल्याबद्दल आणि पुण्यातले सुशिक्षित ऊसवाल्याबद्दल जे बोलतात ते अक्षरशः सारखं आहे.

आणि ज्याचा ऊसही स्वतःचा नाही, तो? बीड, पाथर्डी, जालन्याकडून ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून, म्हणजे मजुरांच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली असते, हंगामभर ती टनांनी फेडायची. २०१९ साली विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं. यांच्यापेक्षा जास्त नुकसान झालेला मतदार शोधून सापडणार नाही, आणि यांच्याइतका निष्ठावानही. तोडणी दराच्या वाटाघाटीला बसतात तेव्हा मजुरांच्या बाजूने बोलणाऱ्या नेत्यांच्या घरातही कारखाने असतात. तरी नेता सुटत नाही. जानेवारी २०२४ मध्ये मिळालेली ३४ टक्के वाढ हे एक कारण आहे. दुसरं असं की सांगली-कोल्हापूरच्या मुलखात ट्रॅक्टर उलटला, माणूस गेला, पोलीस नोंद घ्यायला तयार नाहीत, मुकादमाने फोन बंद केलाय, अशा रात्री मजुराकडे एकच गोष्ट असते, ती म्हणजे बीडमधल्या परळीच्या बाजूच्या एखाद्या नेत्याच्या माणसाचा फोन नंबर. तो लागतोही. परमुलखात आपली ओळख सांगणारं नाव ज्याचं, त्याच्या साखरेच्या हिशेबात कोण शिरणार?

हे मला इथे बसून जास्त समजतं. कारण आम्ही परदेशातले काही वेगळे वागत नाही. ह्यूस्टनला सप्टेंबर २०१९ मध्ये स्टेडियम भरून मोदी-ट्रम्प यांचा जयजयकार झाला, त्यात आमची पोस्टग्रॅज्युएट माणसं होती. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी (कामाच्या व्हिसाच्या) अर्जावर एक लाख डॉलर लावले. किती जणांची निष्ठा ढळली? फारशी नाही. ‘त्यांना आमच्याबद्दल नाही, गैरफायदा घेणाऱ्यांबद्दल म्हणायचंय,’ हे वाक्य मी मास्टर्स झालेल्यांच्या तोंडून ऐकतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-बारा वर्षं उभा असलेला इंजिनिअर जेव्हा असं म्हणतो, तेव्हा मला त्याची कीवही येते आणि मायाही वाटते. त्याला कुणाचातरी माणूस व्हायचं आहे. मलाही व्हायचं होतं आणि अजून आहे. भारतीय नागरिकत्व सोडल्यावर महाराष्ट्रात मत नाही, आणि इथे मत आहे पण इथल्या काउंटीत आमच्या आडनावाचा उच्चारही कुणाला नीट येत नाही. माझा ऊस कुठल्याच फडात उभा नाही. म्हणून मला वाटेल ते मत परवडतं. ज्यांना असं फुकटचं मत परवडतं, त्यांनी दीड हजाराच्या मताला नावं ठेवू नयेत. चूल पेटवणारीला महिन्याचे दीड हजार म्हणजे नवऱ्यापुढे हात न पसरता गॅस आणि पोरीचं बसभाडं.

बदल हवा असेल तर मतदाराला अक्कल शिकवण्याऐवजी गेट मोकळं करावं. नोंदीच्या तारखेप्रमाणे तोडीची यादी ग्रामपंचायतीत आणि मोबाईलवर लावा, आणि क्रम मोडला तर दंड कारखान्याला. वजन बाहेरच्या कुठल्याही काट्यावर करून आणायची मुभा द्या आणि तीच पावती कारखान्यावर बंधनकारक करा. तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखान्याच्या सरासरीने कापू नका, प्रत्यक्ष अंतरावर कापा. आणि २५ किलोमीटरची अट १५ वर आणा, म्हणजे शेतकऱ्याला निदान दुसरं दार राहील. ही शेवटची मागणी जुनी आहे आणि तिला विरोध कुणाचा होतो हे साखरपट्ट्यात पोरंही सांगतील. मिझुरीतही सत्ताधाऱ्यांना आपल्या मतदाराची नेमकी ओळख आहे: सप्टेंबर २०२५ मध्ये विधिमंडळाने असा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवायचा ठराव केला की लोकांनी सह्या गोळा करून आणलेली घटनादुरुस्ती मंजूर व्हायला यापुढे राज्यभरचं बहुमत पुरणार नाही, आठही काँग्रेस मतदारसंघांत वेगवेगळं बहुमत लागेल.