‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ पुरे झालं आता!

जाहिरातीत स्वच्छ छापलेलं असतं: ज्युनिअर अकाउंटंट, टॅली प्राइम (हिशेबाचं सॉफ्टवेअर), जीएसटी, टीडीएस, ठिकाण चाकण. आणि अर्जाच्या मेलमध्ये, म्हणजे कव्हर लेटर म्हणून, काय येतं? ‘आय ॲम अ हार्डवर्किंग अँड सिन्सिअर पर्सन.’ बरं, मग? जाहिरातीत आळशी माणूस मागितला होता का? खाली एचआरच्या बाईंचं नाव दिलंय, तरी सुरुवात ‘डिअर सर’नेच. जाहिरात वाचलीच नाही हे पहिल्या दोन शब्दांतच कळलं, पुढचं कोण वाचणार?

त्याहून डोकं फिरवतो तो फॉरवर्ड. तीन कंपन्यांना पाठवलेला मेल तसाच चौथीकडे ढकलायचा. विषयात ‘एफडब्ल्यूडी: एफडब्ल्यूडी:’, खाली आधीच्या कंपन्यांचे पत्ते, तारखा, सगळं उघडं. नाहीतर ‘टू’च्या रकान्यात एकदम चाळीस पत्ते. लग्नाची पत्रिका वाटताय का? अहो, पत्रिकेवरसुद्धा लोक हाताने नाव घालतात!

आता त्यात एआयची भर. मोठमोठी गुळगुळीत वाक्यं, आणि मध्येच चौकटी कंसात ‘कंपनीचे नाव’ तसंच राहिलेलं. एआयकडून लिहून घेतलं म्हणून राग नाही. पण त्याला ना जाहिरात दिली, ना स्वतःच्या कामाचे आकडे. मग ते काय डोंबल लिहिणार?

‘टॅली आणि जीएसटीचे उत्तम ज्ञान आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, म्हणून त्याला काडीची किंमत नाही. त्याऐवजी हे बघा: ‘दरमहा साधारण 300 खरेदी बिलांची टॅलीत नोंद करतो, ती 2बीशी जुळवतो, 11 तारखेच्या आत जीएसटीआर-1 आणि 20च्या आत 3बीची आकडेवारी तयार ठेवतो.’ एवढंच. (2बी म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, जीएसटीआर-1 विक्रीचं रिटर्न, 3बी कर भरण्याचं.) मासिक रिटर्न भरणाऱ्यांचं 2बी 14 तारखेला येतं आणि त्यात न दिसणाऱ्या बिलावरच्या कराचं क्रेडिट (वजावट) त्या महिन्यात घेता येत नाही. म्हणजे 14 ते 20 या दिवसांत अकाउंटंटची काय धावपळ होते, हे वाचणाऱ्याला पाठ असतं. तुमचं वाक्य वाचून त्याला कळतं, हा माणूस त्यातून गेलाय. मात्र आकडे खरे हवेत. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. आणि फ्रेशर असाल तर ‘सीएच्या ऑफिसात सहा महिने व्हाउचर एन्ट्री केली, टीडीएसचं 26क्यू रिटर्न भरताना पाहिलंय, स्वतः भरलेलं नाही’ असं लिहायला लाज कसली? ‘क्विक लर्नर’पेक्षा ते शंभरपट बरं.

पत्र अडीचशे शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. आधी दोन ओळींत कुठलं पद, जाहिरात कुठे पाहिली आणि सध्या काय करता. मग जाहिरातीतल्या दोन-तीन गरजा उचला आणि प्रत्येकीसमोर आपलं एक काम ठेवा. शेवटी नोटीस पिरियड किती आणि चाकणला रोज येणं जमणार का. पुण्याच्या दुसऱ्या टोकाला राहत असाल तर तो प्रश्न त्यांच्या मनात येणारच, आधीच उत्तर देऊन टाका. वडिलांचा व्यवसाय, छंद, ‘इफ यू गिव्ह मी अ चान्स’ हे सगळं काढा. संधी द्या म्हणून गयावया कशाला?

पाठवतानाचा गोंधळ तर विचारू नका. मेलमध्ये फक्त ‘पीएफए’ (म्हणजे ‘सोबत जोडलंय, बघा’), आणि जोडलेलं काहीच नाही! किंवा ड्राइव्हची लिंक, उघडली की परवानगी मागा. किंवा ‘न्यू रेझ्युमे फायनल 2’. अरे, समोर शंभर फायली पडल्यात, त्यात तुमची कुठली? नाव आणि पद घालून पीडीएफ करा, पत्र मेलच्या मजकुरातच लिहा.

कंपन्याही काही कमी नाहीत म्हणा. पोर्टलवर कव्हर लेटर सक्तीचं करायचं, रकाना असा द्यायचा की परिच्छेद मोडून सगळी खिचडी होते, आणि नकाराची एक ओळ कळवायची नाही. तिथे टाकण्याआधी नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा, ठळक अक्षरं आणि ठिपके गेल्यावर काय उरतं ते दिसेल.

आणि हो, खाली मोबाइल नंबर लिहिता ना, तो मोजून दहा आकडी लिहा. नऊच आकडे असतील तर फोन लावायचा कुणाला?