पायांचा खाडा

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय असतं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या, सगळं आईच्या बारीक अक्षरात त्या चौकोनांत नोंदलेलं. जानेवारीत त्याच्या शेजारी मी माझं व्यायामाचं वेळापत्रक चिकटवलं. एक्सेलमध्ये केलेलं, चार रंगांत. वय 42, वजन 74 किलो, आणि छातीच्या दोन पावलं पुढे चालणारं पोट, एवढ्या भांडवलावर मला स्नायू कमवायचे होते.

आईने चष्मा लावून वाचलं. "सोमवार छाती, मंगळवार पाठ, बुधवार खांदा... अरे, हा काय खाटकाचा भावफलक आहे?"

रोज एक अवयव, ही पद्धत दिसायला सुटसुटीत. पण सोमवारी अख्ख्या जिमची छाती असते. बेंच तीन, पोरं अकरा. "किती सेट राहिले?" विचारलं की उत्तर येतं, "दोनच, काका." ते दोन सेट (म्हणजे वजन सलग उचलायच्या दोन फेऱ्या) मोबाइलवरचे रील संपेपर्यंत संपत नाहीत. ('काका' मी गिळतो. त्यात प्रोटीन नसतं.) दुसरं दुखणं असं, की व्यायामानंतर स्नायू बांधायचं काम जोरात चालतं ते एक-दोन दिवस. म्हणजे सोमवारी राबलेली छाती बुधवारनंतर थेट पुढच्या सोमवारपर्यंत जावयासारखी बसून खाते. प्रत्येक स्नायूला आठवड्यात दोनदा जुंपावं आणि मिळून दहाएक सेट तरी व्हावेत, असं ट्रेनर सरांनी सांगितलं.

मग आला 'पुश-पुल-लेग्ज'. एक दिवस ढकलायचं, एक दिवस ओढायचं, एक दिवस पाय, आणि पुन्हा तेच. सहा दिवस! आजोबा कोल्हापूरच्या तालमीत जायचे. जोर म्हणजे ढकलणं, दोर चढणं म्हणजे ओढणं, बैठका म्हणजे पाय. हे सगळं ते एका सकाळीत उरकायचे आणि वर म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन शेतावर जायचे. माझा मात्र पहिल्याच आठवड्यात गुरुवारचा उपास आणि ओढायचा दिवस एकत्र आले. किलोमागे 1.6 ग्रॅम धरलं तर मला दिवसाला 118 ग्रॅम प्रोटीन हवं. साबुदाण्यात ते जवळजवळ नसतंच. खिचडीतले दाणे वेचून खाताना आईने पकडलं.

तिसरा बेत चार दिवसांचा. दोनदा शरीराचा वरचा अर्धा, दोनदा खालचा. हा खरंच शहाणा बेत होता, फक्त खालचा अर्धा शनिवारी आला आणि रविवारी घरी सत्यनारायण निघाला.

पायांचं दुखणं त्याच दिवशी येत नाही. ते रात्रभर प्रवास करून दुसऱ्या दिवशी पाहुण्यांबरोबर उतरतं. पाच अध्याय मी मांडी घालून बसलो. आरतीला सगळे उठले, मी पाटाला, मग भिंतीला, मग भाच्याच्या खांद्याला धरून 'सुखकर्ता' संपेपर्यंत उभा झालो. त्यानंतर नमस्कार. मावशीच्या पायांपर्यंत मी गुरुत्वाकर्षणाच्या कृपेने पोचलो. तिथेच राहिलो. "औक्षवंत हो," मावशी म्हणाली. थोड्या वेळाने "सुखी राहा." मग "मुलं शिकोत." तिच्याकडचे आशीर्वाद संपले तेव्हा तिने आईला हाक मारली, "अगं, याला काही नोकरीबिकरीचं टेन्शन आहे का?"

आता पाय सोमवारी आणि गुरुवारी. सोमवारी स्क्वॉटचा, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन बैठका मारायचा, रॅक ओस पडलेला असतो, इतका की एकाने त्यावर टॉवेल वाळत घातला होता. रांग नाही, काका नाही. फक्त सोमवारी मला ऑफिसमधून निघायलाच उशीर होतो. गुरुवारी उपास. शिवाय एकदा पाऊस होता.

31 तारखेला आईने नेहमीप्रमाणे कालनिर्णयाखाली बेरीज मांडली: दूध 3, मावशी 2, पाय 5, छाती 0.

"दूधवाल्याचे पैसे कापते," ती म्हणाली. "तुझे कुठून कापायचे?"

जिमची फी वर्षाची एकरकमी भरलीय, हे तिला अजून माहीत नाही.